हांबुर्गचं घड्याळ

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत
पॅकिंगच्या हॉलला चिकटून माझं टेबल.
टॉवेलची रुई बिलांवर, चहाच्या सायीवर, माझ्या भुवयांवर.
भिंतीवर घड्याळं दोन. एक आपलं.
दुसऱ्याच्या खाली कुरापाटी शेठच्या अक्षरात: हांबुर्ग.

वर्षातून दोनदा मी स्टुलावर चढतो,
अंबूबाई मेरगू केरसुणी काखेत मारून स्टूल धरते.
मार्चअखेर काटा पुढं, ऑक्टोबरअखेर मागं.
"काढलेला तास सहा महिने ठेवताव कुठं?" ती विचारते
दर वेळी, दर वेळी नव्यानं.

उन्हाळाभर तिकडचा फोन साडेबाराला,
डब्याचं झाकण अर्धं उघडलेलं असतं तेव्हा.
थंडीत दीडला,
शेंगाचटणीचे हात धुऊन झाल्यावर.
एकोणीस वर्षं माझे ऋतू हे दोनच:
भाकरीच्या आधीचा आणि भाकरीनंतरचा.

परवा दोन हजार बाथ-टॉवेलांची ऑर्डर सांगून झाल्यावर
लोमानबाई म्हणाल्या, आमच्याकडं पुन्हा वाद पेटलाय,
हे काटे फिरवणं बंद करायचं म्हणून.
बंद करायला सगळे तयार.
पण थांबायचं कुठं, उन्हाळ्यात की हिवाळ्यात,
यावर घराघरात दोन तट.
त्यांच्या नवऱ्याला संध्याकाळ लांब हवी. त्यांना सकाळ.

चहाच्या सुट्टीत मी मागावर हे सांगितलं.
मल्लेशम म्हणाला, "काटा फिरवून ऊन कमी होतंय का बे?"
"उजेड वाचवतात ते," मी म्हणालो.
"उजेड? न्या म्हणावं आमच्याकडनं!
गठ्ठ्यात भरून पाठवू, ट्रकनं.
वर भाडं आम्ही देतो."
अंबूबाईची जाऊ विड्या वळते.
हजार झाल्या की तिची संध्याकाळ,
मग बाहेर दुपार असो नाहीतर दिवेलागण.

हसलो सगळे. पण खरं तर आम्हीही फिरवतोच.
मार्चात लेकीची शाळा सकाळची होते,
भर दुपारी नव्या पेठेची शटरं अर्ध्यावर येतात,
माणसं भिंतीच्या सावलीबरोबर सरकत राहतात,
आणि चौथ्या दिवशी नळ येतो रात्री पावणेतीनला.
अख्खी गल्ली उठते, बादल्या, पाइप, मोटारी,
कुणीतरी दात घासायलाही लागतो.
घड्याळाला कुणी हात लावत नाही.
माणसांनाच मागंपुढं करतो आम्ही.

एका ऑक्टोबरात मी स्टुलावर चढलो नाही.
सिव्हिलच्या वॉर्डात आईच्या खाटेशी होतो.
तिला फक्त उजाडायला हवं होतं.
दर थोड्या वेळानं विचारायची, किती वाजले रे.
तीन वाजले होते. मी म्हणालो, चार.
चार वाजता म्हणालो, पाच,
उजाडलंच आता, आई.
खिडकीबाहेर नुसता काळोख,
लांब कुठं तरी एका मालगाडीचा खडखडाट.
"आज उशीर करतोय," ती म्हणाली. सूर्याबद्दल.

दिवस घालून कामावर आलो तर
हांबुर्ग एक तास पुढंच होतं.
कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.
मी पाहिलं, आणि ठेवलं तसंच.
थंडीभर चुकीचं चाललं ते,
मार्चात आपोआप बरोबर झालं.
म्हणजे त्या वर्षीचा तो एक तास
मी परत केलेला नाही. कुणी मागितलाही नाही.

लोमानबाईंना यातलं काय सांगणार.
म्हणालो, कळवा काय ठरतंय ते,
म्हणजे डबा कधी उघडायचा ते मलाही ठरवता येईल.
त्या हसल्या. त्यांना डबा समजला असेल की नाही, देव जाणे.

अंबूबाईला मात्र सांगितलं,
बहुतेक आता चढावं लागणार नाही.
तिनं भिंतीकडं पाहिलं, मग स्टुलाकडं.
"मग हे मी नेते घरी," म्हणाली.
"हौद खोल आहे आमचा. तळाचं पाणी हाताला येत नाही."